प्रार्थनेतली गाळलेली ओळ

आषाढीच्या आधीच्या आठवड्यात एक रात्र अशी येते, की नातेपुत्यात पाय ठेवायला जागा उरत नाही. बरडहून निघालेली माउलींची पालखी धर्मपुरीला सोलापूर जिल्ह्यात शिरते आणि संध्याकाळी मुक्कामाला आमच्या गावात येते. शाळेचे व्हरांडे, दुकानांच्या पायऱ्या, उभ्या ट्रकखालची जागा, जिथे अंग टेकता येईल तिथे माणसं असतात. दुसऱ्या दिवशी पालखी माळशिरसच्या वाटेला लागते, वाटेत पुरंदवड्याला पहिलं गोल रिंगण होतं, आणि मागे गावात चुलींचे काळे झालेले दगड तेवढे राहतात.

आमच्या अंगणात दरवर्षी एक दिंडी उतरते. मराठवाड्यातली, ऐंशी-नव्वद माणसांची. माझ्या वडिलांच्या वेळेपासून उतरते. आम्ही ख्रिस्ती. दाराच्या चौकटीवर लाकडी क्रूस आहे, तो रस्त्यावरूनही दिसतो. इतक्या वर्षांत त्यांच्यापैकी कुणी त्याबद्दल काही विचारलं नाही आणि आम्हालाही कधी काही सांगावं लागलं नाही. त्यांना पाणी लागतं, एक बल्ब लागतो, बायकांना संडासाची सोय लागते आणि चूल मांडायला आडोसा लागतो. तेवढं आम्ही करतो. अंगणात त्यांचा हरिपाठ चालतो, आत आमची संध्याकाळची प्रार्थना. टाळांमुळे आमचं एकमेकांचं बोलणं ऐकू येत नाही, म्हणून त्या रात्री आम्ही जरा जवळजवळ बसतो.

2019 सालची गोष्ट. माझा धाकटा तेव्हा सात वर्षांचा होता. दिंडीतली एक म्हातारी पायरीवर पाय चोळत बसली होती. तिने त्याला हाक मारली, "माउली, जरा पाणी दे रं." तो तांब्या देऊन आत पळत आला. "पप्पा, त्या आजीनं मला माउली म्हटलं!" त्या रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या त्याने विचारलं, "त्यांचा देव आई आहे. मग आपला बाप का आहे?"

मला दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर दुकान उघडायचं होतं. "आपला देव बापच आहे, झोप आता," असं म्हणून मी दिवा मालवला.

त्या उत्तराची मला पुढे लाज वाटली. उत्तर येत नव्हतं असं नाही. यशयाच्या पुस्तकाच्या शेवटच्या अध्यायात देव म्हणतो, की आई लेकराला जशी कुरवाळून शांत करते तसा मी तुमचं सांत्वन करीन. मत्तयाच्या तेविसाव्या अध्यायात येशू यरुशलेमकडे बघून स्वतःला पिलं पंखाखाली घेणाऱ्या कोंबडीची उपमा देतो. आणि आपले रेव्हरंड नारायण वामन टिळक! तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं सांगणारा हा माणूस. त्यांनी आपल्या गीतात ख्रिस्ताला एका दमात माय आणि गुरू म्हटलं. ते गीत मी लहानपणापासून उपासनेत म्हणत आलो आहे. मग लेकराला हे सांगायला पाच मिनिटं का काढली नाहीत? कारण 'बाप' म्हटलं, की माझ्या डोळ्यांसमोर यशया येत नाही आणि टिळकही येत नाहीत. खाकी चड्डी घातलेले, हातात कंदील घेतलेले माझे दादा येतात.

दादा नीरा उजव्या कालव्यावर पाटकरी होते. वीर धरणातून निघालेलं पाणी फलटणवरून आमच्या तालुक्यात येतं. कालव्यातून फाट्याला, फाट्यातून चारीला आणि चारीतून शेतात. हे सगळं पाणी शेजपाळीने फिरतं. कुणाच्या शेताचं दार कधी उघडायचं आणि कधी पाडायचं ते पाळीपत्रकावर लिहिलेलं असतं. उन्हाळ्याच्या आवर्तनात त्या कागदावरून डोकी फुटायची. दादांना रात्री-बेरात्री लोक येऊन भेटत, दूध, कोंबडी, पैसे देऊ करत. दादांनी पाळी मोडल्याचं मी कधी पाहिलं नाही. पहाटे चारला ते कालव्याच्या भरावावरून चालत निघायचे आणि मोठ्याने प्रार्थना करायचे. लोक म्हणायचे, पाटकरी देवाशी भांडत चाललाय.

असा सचोटीचा माणूस घरात मात्र फार कडक होता. जेवणाआधी प्रार्थना, झोपताना शास्त्रवाचन, रविवारी सायकलवर डबलसीट उपासनेला. चुकलं तर हात उठायचा. आयुष्यभरात दादांनी आम्हा भावंडांपैकी कुणाला "माझं चुकलं" म्हटलं नाही. तशी रीतच नव्हती. आमच्या घरात नव्हती तशी शेजारच्या मराठ्याच्या घरातही नव्हती आणि धनगरवाड्यातही नव्हती. बाप चुकत नसतो, असंच सगळीकडे होतं. एकदा त्यांनी मला विनाकारण मारलं. सायकलची चावी मी हरवली असं त्यांना वाटलं आणि ती नंतर त्यांच्याच पैरणीच्या खिशात निघाली. ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे मला उठवून कालव्यावर घेऊन गेले. दाराचं चाक माझ्या हातात दिलं. चाक फिरेना, तेव्हा मागून माझ्या हातांवर आपले हात ठेवले आणि दोघांनी मिळून दार उचललं. पाणी आधी फेसाळत आलं, मग गढूळ झालं आणि मग एकसारखं वाहायला लागलं. ती त्यांची माफी होती. हे मला कळायला मात्र वीस वर्षं लागली, आणि मधली वीस वर्षं फुकट गेली.

दादांबद्दल आणखी एक गाठ माझ्या मनात होती. मला शाळेत घालताना धर्माच्या रकान्यात काय लिहायचं, असं गुरुजींनी दादांना विचारलं. ओळखीच्यांनी त्यांना सुचवलं होतं, की जुनी जात लिही, हिंदू लिही, पोराचं भलं होईल. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. पुढे 1956 मध्ये शीख आणि 1990 मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती झालेला आजही बाहेर आहे. कितीतरी घरांनी म्हणून कागदावर एक आणि घरात एक असं केलं. त्यांना मी नावं ठेवत नाही. पोटाला चिमटा काढून बघितल्याशिवाय कुणी ठेवू नयेत. दादांनी 'ख्रिस्ती' लिहिलं. मी बारावीनंतर कॉलेजात गेलो नाही, शिष्यवृत्ती नव्हती. आयटीआय केली आणि मोटर रिवाइंडिंग शिकलो. आज त्याच धंद्यावर माझं घर चालतं. पण कित्येक वर्षं मी मनात म्हणत असे, की तुमच्या खरेपणाचे पैसे मी भरले.

ही गाठ मी कुणाला सांगितली नव्हती. रोज रात्री प्रार्थना मात्र म्हणत होतो.

2020 च्या मार्चमध्ये कोरोनामुळे मंडळीचं दार बंद झालं. आमची मंडळी लहान आहे. या बाजूला ख्रिस्ती घरं विरळ. चार्ल्स रीव यांनी 1893 साली सुरू केलेल्या पूना अँड इंडियन व्हिलेज मिशनने पुण्यापासून पंढरपूरपर्यंतच्या खेड्यांत काम केलं. ज्या वाटेने वारी चालते त्याच मुलखात ते लोक दवाखाने आणि शाळा घेऊन फिरले. त्या काळापासूनची काही घरं आहेत, काही नंतरची. मोजकीच माणसं असल्यामुळे रविवारी कोण आलं नाही ते लगेच कळतं. दार बंद झाल्यावर पाळकसाहेबांचा फोन आला. आता प्रत्येक बापाने आपलं घर सांभाळावं, तुम्हीच घरचे पाळक, असं ते म्हणाले.

मी ते शब्दशः घेतलं. रविवारी साडेनऊला सगळ्यांनी आंघोळ करून बसायचं. उपासना संगीतातली तीन गीतं, शास्त्रवाचन, मग माझं बोलणं. उत्तम शुक्रवारी बारा ते तीन, येशूच्या सात उद्गारांवर सात वेळा बसणं, तेही घरात, पंखा बंद करून. मुलांना दर आठवड्याला एक स्तोत्र पाठ. बायको अंगणवाडीत आहे. ती त्या दिवसांत ऊन नाही, भीती नाही, घरोघर फिरून कुणाला ताप आहे, कुणाच्या घरी धान्य संपलंय, याच्या याद्या करत होती. संध्याकाळी येऊन बाहेरच आंघोळ करायची आणि मग आमच्यात येऊन बसायची. भाकरी थापता थापता ती एकेका घराचं नाव घेऊन पुटपुटत असायची. मला वाटायचं, ती हिशेब करतेय. ती त्या घरांसाठी प्रार्थना करत होती, हे मला थोरल्या मुलीने सांगितलं.

त्या आषाढीला पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. रस्ता मोकळा पडला होता. धाकटा दिवसभर फाटकात उभा होता. "ती आजी कशी येणार?" असं त्याने दोनदा विचारलं. पुढच्या वर्षीही तसंच झालं.

2021 चा मे महिना. विहिरी तळाला गेल्या होत्या, बोअरला पाणी कमी, विजेचा दाब कमी, मोटरी जळायला ऊत आला होता. शेतीची दुरुस्ती चालू ठेवायला परवानगी होती, म्हणून मी दुकानात सोळा सोळा तास बसत होतो. साडेसात एचपीची एक पाणबुडी मोटर मी भरून दिली. डाळिंबाच्या बागेची होती. चौथ्या दिवशी ती जळून परत आली.

पाणबुडी मोटरच्या आत पाणीच असतं. तारेवर पॉलीचं आवरण असतं म्हणून ती पाण्यात चालते. पण जिथे आतली तार बाहेरच्या केबलला जोडतात तो जोड आपल्याला टेपने बांधावा लागतो. आधी रबराची टेप ताणून, थरावर थर, अर्ध्यावर अर्धा चढवत, मग वरून साधी टेप. हाताला तेलकटपणा असला किंवा एखादा वेढा सैल बसला, तरी तिथून पाणी शिरतं. मग किती का चांगलं भरलेलं असेना, मोटर गेली. मी स्टेटर खोलला आणि पहिल्याच नजरेत कळलं. वाइंडिंग धडधाकट होतं, जोड काळा पडला होता. चूक माझ्या हाताची होती. झोप अपुरी होती, हे खरं असलं तरी चूक माझीच होती.

शेतकरी समोर उभा होता. बाग फुलावर होती, पाण्यावाचून फूल गळत होतं. मी म्हणालो, "व्होल्टेज कमी होतं, त्याला मी काय करणार?" तो खूप बोलला. मीही बोललो. शेवटी अर्ध्या पैशांत परत दुरुस्त करून द्यायचं ठरलं, म्हणजे माझ्या चुकीचे अर्धे पैसे त्याने द्यायचे. तो गेल्यावर मी तो काळा जोड कात्रीने कापला आणि कचऱ्याच्या डब्यात टाकला.

त्या संध्याकाळी धाकट्याला स्तोत्र म्हणायचं होतं. मेंढपाळाचं, तेविसावं. सहाच ओव्या. तो मध्येच अडकला. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथेच अडकला आणि घाबरून हसला. मी त्याच्या मुस्काटात मारली. आवाज इतका झाला की शेजारचं कुत्रं भुंकलं. कुणी काही बोललं नाही. मी म्हणालो, "चला, प्रभूची प्रार्थना." आणि आम्ही चौघे ती म्हणायला लागलो.

ही प्रार्थना आम्ही रोज एकत्र म्हणतो. वर्षानुवर्षं म्हटल्यामुळे चार आवाजांचा एकच आवाज होतो. कुणाचा कुठला ते वेगळं ओळखू येत नाही. त्या रात्री क्षमेची ओळ आली आणि त्या आवाजातून एक आवाज गेला. तो म्हणत होता, त्या ओळीला थांबला, आणि पुढच्या ओळीला परत आला. थोरलीला ते कळलं असावं, कारण तेवढी ओळ तिने मोठ्याने म्हटली, भावाची जागा भरून काढावी तशी. मी डोळे मिटूनच होतो. आमेन झालं.

रात्री बायको म्हणाली, "अहो, त्यानं ओळ गाळली. ऐकलंत ना?"

"ऐकलं."

ती पुढे काही बोलली नाही. कूस बदलून झोपली.

मला झोप आली नाही. नऊ वर्षांच्या पोराने त्या प्रार्थनेला आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त मान दिला होता. जे मनात नाही ते त्याने देवासमोर म्हटलं नाही. ज्याने दुखवलं त्याला सोडलेलं नाही, तर सोडलं असं कसं म्हणायचं? आणि मी? मत्तयाच्या पुस्तकात त्या ठिकाणी 'ऋण' असा शब्द आहे. आम्ही आमच्या ऋण्यांचं काय केलं, त्यावर आमच्या ऋणाचं काय होणार ते टांगलेलं. मी त्या डाळिंबवाल्याचा ऋणी होतो, अगदी पैशात मोजता येईल असा. पोराचा ऋणी होतो. दादांना तर मी स्वतः सावकार होऊन बसलो होतो; ते जाऊन सात वर्षं झाली तरी त्या शाळेच्या दाखल्याचं व्याज लावत होतो. आणि इतकं सगळं मनात ठेवून ती ओळ मी रोज रात्री खड्या आवाजात म्हणत होतो, सगळ्यांच्या पुढे.

सकाळी तो दात घासत मोरीपाशी उभा होता. गालावर अजून बारीक खूण होती. मी त्याच्याजवळ गेलो. एका मोटरचं चोवीस स्लॉटचं वाइंडिंग भरताना जेवढा वेळ जातो तेवढा वेळ मला तोंड उघडायला लागला, असं वाटलं. म्हणालो, "बाळा, काल मी तुला मारलं, ते स्तोत्र चुकलं म्हणून नव्हतं. दुकानात मी खोटं बोललो होतो. त्याचा राग तुझ्यावर निघाला. माझं चुकलं. मला माफ कर."

त्याने चूळ भरली. मग विचारलं, "खोटं कुणाशी बोललात?"

मी सांगितलं.

"त्या काकांना सांगितलंत?"

मोटर तयार झाली त्या दिवशी मी त्याला गाडीवर मागे बसवून बरोबर नेलं. बोअरवर घोडा लावून, कप्पीवरून मोटर खाली सोडली. पाणी आलं. मग मी शेतकऱ्याला बाजूला घेऊन, पण पोराला ऐकू जाईल असं म्हणालो, की व्होल्टेजचा दोष नव्हता, माझा जोड सैल बसला होता, तेव्हा आजचे पैसे घेणार नाही. त्याने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. "पैसे नाही घेतले ठीक आहे," तो म्हणाला, "पण माझं आठ दिवसांचं पाणी गेलं, त्याचं काय?" त्याचं माझ्याकडे उत्तर नव्हतं. तो चहा घ्या म्हणाला नाही. त्यानंतर तो माझ्या दुकानात आला नाही. त्याच्या मोटरी आता अकलूजला जातात. रस्त्यात दिसला तर मी हात जोडतो, तो मान हलवतो.

परत येताना पोराने माझ्या पाठीला गाल टेकवला होता. मला वाटलं, संपलं. पण त्या रात्रीही तो त्या ओळीला थांबला. दुसऱ्या रात्रीही. मी मनातून दुखावलो. माफी मागितली, गिऱ्हाईक गमावलं, आता आणखी काय हवं? मग कळलं, की मी माफीसुद्धा पाळीपत्रकासारखी धरून बसलोय. माझी पाळी झाली, आता तुझं दार उघड. तसं नसतं. लूकच्या पंधराव्या अध्यायात उधळ्या मुलाचा बाप मुलाला दुरून पाहतो. रोज त्या वाटेकडे डोळे लावून बसल्याशिवाय दुरून दिसत नाही. तो बाप माणसं पाठवत नाही, गचांडी धरून आणत नाही. वाट बघतो आणि दिसल्यावर धावतो.

त्या दिवसांत मी टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचं 'स्मृतिचित्रे' पुन्हा वाचत होतो. 10 फेब्रुवारी 1895 ला टिळकांनी बाप्तिस्मा घेतला आणि घर दुभंगलं. लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूला घेऊन नातेवाइकांकडे राहिल्या, काही काळ इथून जवळच, पंढरपुरात. आमच्या घरापुढून जाणारी वाट जिथे संपते त्या गावात ती बाई नवऱ्याने टाकलेल्या धर्मासाठी आणि धर्म टाकलेल्या नवऱ्यासाठी, दोन्हींसाठी रडली. टिळक स्वभावाने तापट, हे लक्ष्मीबाईंनी कुठेच लपवलेलं नाही. तरीही त्या तापट माणसाने बायकोच्या विश्वासावर जबरदस्ती केली नाही. त्या परत त्यांच्याजवळ राहायला गेल्या तेव्हाही ख्रिस्ती नव्हत्या. त्यांचा बाप्तिस्मा 1900 साली झाला, त्यांच्या स्वतःच्या मनाने. पाच वर्षं. कवी टिळकांचं मोठेपण सांगताना लोक त्यांची कविता सांगतात, 'ख्रिस्तायन' सांगतात. मला त्यांची ती पाच वर्षं मोठी वाटतात. घरात देव आणायचा म्हणजे बापाला इतकं थांबता आलं पाहिजे. मी स्तोत्र सहा दिवसांत पाठ करून मागत होतो.

पाचव्या की सहाव्या रात्री चौथा आवाज त्या ओळीला थांबला नाही. मी डोळे उघडून पाहिलं नाही. पाहिलं असतं, तर पुन्हा पावती मागितल्यासारखं झालं असतं.

पुढच्या पुनरुत्थानदिनाच्या पहाटे आम्ही मेणबत्त्या घेऊन दादांच्या कबरीवर गेलो. दरवर्षी जातो. या वेळी मुलं पुढे गेल्यावर मी मागे राहिलो आणि त्यांना दाखल्याचं बोललो. जे ते हयात असताना बोलायला हवं होतं ते बोललो. तुम्ही खरं लिहिलंत, मी त्याचा हिशेब ठेवला, तो आज फाडला. थोरलीच्या अकरावीच्या अर्जावर तोच रकाना मी पुढे त्याच वर्षी भरला. भरण्याआधी तिला विचारलं होतं. दादांनी मला विचारलं नव्हतं, एवढाच फरक. ती म्हणाली, "जे आहे ते लिहा." फी भरायला मी एक जुनी कॉइल मशीन विकली.

2022 ला वारी पुन्हा पायी निघाली. नव्या पालखी महामार्गाने रस्ता रुंद झाला होता आणि वाटेवरचे जुने वड गेले होते, त्यामुळे माणसं उन्हाने रापून आली. दिंडी अंगणात उतरली. धाकटा तांब्या घेऊन पायरीपाशी गेला आणि तसाच परत आला. ती आजी नव्हती. दिंडीतल्या एकाने सांगितलं, दुसऱ्या लाटेत गेली. तिची सून आली होती. तिने पोराच्या हातातून तांब्या घेतला आणि म्हणाली, "माउली, आमच्या सासूबाई तुझं नाव काढायच्या." पाणी पिऊन तिने तांब्या उलटा करून दिला.

रात्री आम्ही गच्चीवर झोपलो. खाली चुलींचा धूर, कुणीतरी झोपेतही अभंग म्हणत असलेलं. मी त्याला म्हणालो, "तू लहान असताना एक विचारलं होतंस. त्यांचा देव आई, मग आपला बाप का?" आणि यशयाचं सांगितलं, कोंबडीचं सांगितलं, टिळकांचं माय आणि गुरू सांगितलं. तो शांतपणे ऐकत होता.

"मम्मीनं सांगितलंय मला हे," तो म्हणाला. "त्याच वर्षी."

"मग मला परत विचारलं का नाहीस?"

"तुम्ही झोप म्हणाला होतात."

आता तो चौदाव्या वर्षात आहे, थोरली सोलापूरला नर्सिंगला आहे आणि सुट्टीत येते. स्तोत्र पाठ करून घेणं मी बंद केलं. ज्याला जे आवडेल ते त्याने वाचायचं. संध्याकाळी दिवे लागल्यावर आम्ही बसतो, आणि प्रभूच्या प्रार्थनेत क्षमेची ओळ आली की सगळेच जरा थांबतो. कुणाचं कुणाकडे काही राहिलं असेल तर तेवढ्यात सांगायचं. कधी मी सांगतो, कधी बायको, बऱ्याचदा कुणाचंच काही नसतं. मग ओळ म्हणतो आणि पुढे जातो.